मरुत्सखाचा मागोवा : चौपाटीपासून पडद्यापर्यंत

मुंबईहून सुटलेली गाडी आसनगाव, आटगाव, खर्डी मागे टाकीत कसाऱ्याला येते. तिथे तिला बँकर इंजिने जोडली जातात आणि थळ घाट चढून ती इगतपुरीच्या पठारावर पोचते. शहापूर तालुक्याच्या अंगावरून गेलेला हा घाटमार्ग १८६५ साली खुला झाला. ज्या गोष्टीचा मागोवा आपण इथे घेणार आहोत, ती या मार्गाच्या दोन्ही अंगांना घडली आहे. खालच्या अंगाला गिरगावची चौपाटी. तिथून १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांचे ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडाले, असे सांगितले जाते. वरच्या अंगाला त्र्यंबकेश्वर, भारतीय चित्रपटसृष्टीचे आद्य पुरुष धुंडिराज गोविंद फाळके यांचे जन्मगाव. त्याच नाशिक जिल्ह्यात ओझर आहे, जिथे लढाऊ विमाने बांधली जातात आणि चाचणी-वैमानिक ती प्रथम आकाशात नेतात. उडणाऱ्या माणसाची गोष्ट, ती पडद्यावर आणणारा माणूस आणि खरोखर उडणारा माणूस असे तिघेही एवढ्याशा टापूत असताना, आपल्या वैमानिकावरचा पहिला मोठा ऐतिहासिक चित्रपट यायला २०१५ साल उजाडावे लागले. तो आला तेव्हा कसा आला, हे समजून घ्यायचे तर आपल्याला सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईकराला माणूस आकाशात जातो ही गोष्ट सर्वस्वी अपरिचित नव्हती. १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज बलूनवीर हिंदुस्थानात आला आणि मुंबईत व पुढे कलकत्त्यात त्याने बलूनची उड्डाणे करून दाखवली. कलकत्त्यात रामचंद्र चटर्जी यांनी त्याच्याकडून ही विद्या घेतली आणि त्याच वर्षी ते स्वतः बलूनमधून वर गेले. पण बलून हवेपेक्षा हलके असते. हवेपेक्षा जड यंत्र उडवण्याचा ध्यास त्या काळात जगभर अनेकांना लागला होता. जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल टेकडीवरून पंखांच्या सांगाड्यासह झेपा घेत होते, झेपांची मोजमापे टिपून ठेवीत होते आणि छायाचित्रेही काढून घेत होते. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिम यांनी १८९४ साली वाफेवर चालणारे अवाढव्य यंत्र रुळांवरून पळवून क्षणभर उचलले होते. याच काळात चिराबाजारच्या दुक्करवाडीत राहणारा, १८६४ साली जन्मलेला एक पाठारे प्रभू गृहस्थ संस्कृत ग्रंथ चाळीत विमानाचा विचार करीत होता. हेच तळपदे. ते सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक होते. स्वामी दयानंदांच्या वेदभाष्यातून त्यांना विमानाची प्रेरणा मिळाली असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात.

या कलाशाळेपाशी आपण थोडे थांबू, कारण आपल्या कथेची बरीच पात्रे तिच्या दारातून ये-जा करतात. १८८५ च्या सुमारास पंधरा वर्षांचे फाळके इथेच चित्रकला शिकायला आले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून मान्यता पावलेले आणि शंभरी पार केलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. ‘मरुत्सखा’ काही मिनिटे हवेत टिकले, ही आठवण सातवळेकरांच्याच नावाने सांगितली जाते. रेषा, रंग, साचे आणि यंत्रचित्रे यांचे शिक्षण देणाऱ्या या शाळेने एकाला चित्रपट दिला, दुसऱ्याला विमानाचे वेड दिले आणि तिसऱ्याला त्या वेडाचा साक्षीदार केले. या तिघांच्या त्या काळच्या संबंधांवर कुणी नीट संशोधन केले तर मराठी विज्ञानाच्या आणि कलेच्या इतिहासाला एक मोलाचे प्रकरण मिळेल.

आता १८९५ कडे वळू. प्रचलित कथा अशी : चौपाटीवर लोक जमले, तळपद्यांचे माणूसरहित यंत्र दीड हजार फूट उंच गेले आणि खाली आले. महाराजा सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तिथे हजर होते आणि ‘केसरी’त त्याची बातमी आली. कथेतली नावे वजनदार आहेत. रानडे तेव्हा मुंबईच्या उच्च न्यायालयात होते आणि सयाजीरावांचे विद्याप्रेम सर्वांना ठाऊक होते, म्हणून ती ऐकणाऱ्याला पटकन पटते. अडचण एवढीच की या उड्डाणाचा एकही विश्वासार्ह समकालीन वृत्तान्त उपलब्ध नाही. मुंबईत त्या वेळी इंग्रजी, मराठी आणि गुजराती वृत्तपत्रांची रेलचेल होती. चौपाटीवरच्या गर्दीसमोर यंत्र दीड हजार फूट चढले असते तर त्याची वार्ता डझनभर पत्रांतून, तीही तारखेसह, सापडायला हवी होती. पुढच्याच वर्षी, ६ मे १८९६ रोजी, अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांचे माणूसरहित वाफेचे यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे हजर होते आणि त्यांनी छायाचित्र टिपले. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंद आणि १२० फुटांचे झाले. त्याला पाच साक्षीदार होते, एक छायाचित्र होते आणि त्याच दिवशी घरी गेलेली तार होती. १२० फूट म्हणजे शहापूरच्या एस. टी. स्टँडचे आवार ओलांडण्याइतकेसुद्धा अंतर नव्हे, पण ते आजही जसेच्या तसे आपल्या हाती आहे.

तळपदे १९१६ च्या सुमारास वारले. त्यांच्या गोष्टीला खरी कलाटणी मिळाली ती त्यांच्यामागे आणि मुंबईपासून फार दूर, म्हैसूर राज्यात. आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथ तोंडी सांगून लिहवून घेतला. तो भरद्वाज ऋषींचा असून आपल्याला अंतःस्फूर्तीने प्राप्त झाला, असे त्यांचे म्हणणे. वेंकटाचल शर्मा यांनी तो लिहून घेतला आणि एल्लप्पा नावाच्या आरेखकाने शास्त्रीजींच्या सांगण्यावरून शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर अशा विमानांची चित्रे काढली. हस्तलिखित तसेच पडून होते. १९५२ साली म्हैसूरच्या जोसयर यांनी त्याची वार्ता जगाला दिली, १९५९ मध्ये हिंदी आवृत्ती निघाली आणि १९७३ मध्ये इंग्रजी भाषांतर आले. त्यानंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजु हे पाच अभ्यासक तो ग्रंथ घेऊन बसले आणि १९७४ साली त्यांनी आपला निष्कर्ष छापला. ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा असू शकत नाही, त्याची भाषा अर्वाचीन आहे आणि त्यातले एकही यंत्र उडण्याजोगे नाही. ही मंडळी विमानविद्येचीच अभ्यासक होती. त्यांनी ग्रंथाची टवाळी केली नाही, चित्रांची भूमिती आणि वजने तपासली. त्याच लेखात त्यांनी एक बारीक पण फार महत्त्वाची नोंद केली : मुंबईच्या तळपद्यांनी शास्त्रीजींच्या मार्गदर्शनाखाली प्रतिकृती बनवण्याचा प्रयत्न केला, पण त्यांतली एकही ते उडवू शकले नाहीत.

हे वाक्य आपण नीट लक्षात ठेवावे, कारण परंपरेचा सर्वांत जुना थर इथे उघडा पडतो. शास्त्रीजींच्या निकटच्या वर्तुळातून आलेली माहिती अपयशाची आहे. यशाची कथा पुढच्या दशकांत वाढत गेली. ज्या ग्रंथावरून ‘मरुत्सखा’ बांधले असे आज बेधडक सांगितले जाते, तो तळपदे गेल्यानंतर लिहिला गेला. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथेला पाऱ्याचे इंजिन बसले, मग त्या पाऱ्याचा संबंध अमेरिकेच्या अवकाशसंस्थेच्या इंजिनांशी जोडला गेला आणि शेवटी माणूसरहित यंत्रात खुद्द तळपदे बसले. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पारतंत्र्यात ज्या समाजाला ‘तुम्ही काही शोधलेच नाही’ असे सतत ऐकवले गेले, त्याला अशा कथेची भूक असणारच. परंतु या भुकेत खुद्द तळपदे हा माणूस हरवला. चित्र शिकवून घरी आल्यावर बांबूच्या सांगाड्याशी झटणारा, पैशाच्या विवंचनेत असणारा, ग्रंथांवर श्रद्धा ठेवूनही हाताने करून पाहण्याचा आग्रह धरणारा तो गृहस्थ कुणाला दिसेनासा झाला.

दुसऱ्या बाजूने पडद्यावरच्या उड्डाणाची वंशावळ पाहू. १९११ साली गिरगावातल्या एका तंबू-चित्रपटगृहात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनात कृष्ण, राम आणि अयोध्या हालू लागली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्याच कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. चिराबाजार तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तळपदे तेव्हा हयात होते. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला पसारा नाशिकला हलवला. तिथे तयार झालेल्या आणि १९१७ साली आलेल्या ‘लंकादहन’मध्ये हनुमान समुद्र ओलांडून गेला. कॅमेऱ्याच्या करामतीने साधलेले ते उड्डाण पाहायला लोकांची झुंबड उडाली. भारतीय पडद्यावरचा पहिला लोकप्रिय उड्डाणवीर हा असा वायुपुत्र होता. त्यानंतर १९३६ साली ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला. दामले आणि फत्तेलाल यांनी शेवटी तुकोबांचे वैकुंठगमन दाखवले, विष्णुपंत पागनीस विमानात बसून वर गेले आणि प्रेक्षकांनी हात जोडले. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तो पुढे कितीतरी वर्षे खेडोपाडी, जत्रांच्या मैदानातल्या तंबूंत दाखवला जात राहिला. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची जत्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली आहे. अशा जत्रांना बैल विकायला आलेला शेतकरी रात्री तंबूत शिरून पडद्यावर देव आणि संत उडताना पाहायचा. उड्डाण म्हणजे पुण्याईचे फळ, ही समजूत या चित्रपटांनी आपल्या डोळ्यांत भरली. ती सुंदर होती, पण तिच्यात इंजिन, वारा, वजन आणि मरणाची शक्यता यांना जागा नव्हती.

खरोखर उडणारी मराठी माणसे याच काळात होती, पण त्यांच्यापर्यंत कॅमेरा गेला नाही. मुंबईत जन्मलेला श्रीकृष्ण वेलिणकर हा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी एक. २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन जातीचे विमान घेऊन तो जून १९१८ अखेर गस्तीवर गेला, पाडला गेला आणि जखमांनी मृत्यू पावला. फ्रान्समध्ये हँगार्ड इथे त्याचे थडगे आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीत बसायला मिळणे मुश्किल असताना विमानाच्या खोबणीपर्यंत पोचलेल्या त्या तरुणाचे नाव आज मुंबईत किती जणांना ठाऊक आहे? त्यानंतर चौदा वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा पुस मॉथ जातीचे एका इंजिनाचे विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर टपालाच्या पिशव्यांसह उतरले. त्यांच्याजवळ रेडिओ नव्हता. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केले.

आणि उड्डाणाचे दुसरे तोंडही आपल्या डोंगरांनी पाहिले. मुरबाडहून माळशेज चढून वर गेले की जुन्नरचा मुलूख लागतो. ७ जुलै १९६२ च्या ऐन पावसाळी मध्यरात्री सिडनीहून निघालेले आणि बँकॉकमार्गे मुंबईकडे येणारे अलिटालियाचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व ९४ जण दगावले. वैमानिकाने आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असे समजून लवकर उतरायला सुरुवात केली होती, हे चौकशीतून निघाले. नियंत्रण कक्षाशी झालेले बोलणे, वेळा आणि उंची यांच्या नोंदींवरून ते समजले. त्या अंधाऱ्या रात्रीच्या काही मिनिटांविषयी आपल्याला जेवढे खात्रीने सांगता येते, तेवढे चौपाटीवरच्या भर दिवसाच्या उड्डाणाविषयी सांगता येत नाही.

आता आपण समुद्रापार जाऊ, कारण वैमानिकावरच्या ऐतिहासिक चित्रपटाचा कस जिथे लागला ते ठिकाण तिकडे आहे. आपला देश स्वतंत्र होऊन दोन महिने होत होते तेव्हा, १४ ऑक्टोबर १९४७ रोजी, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात चक येगर या चोवीस वर्षांच्या वैमानिकाने बेल एक्स-१ मधून आवाजाचा वेग ओलांडला. दोन दिवस आधी घोड्यावरून पडून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. हे वरिष्ठांना कळले तर उड्डाण दुसऱ्याला जाईल, म्हणून त्याने गुपचूप बाहेरच्या डॉक्टरकडून पट्टी बांधून घेतली. पण विमानाचे दार उजव्या बाजूला होते आणि कडी लावायला उजव्या हाताने जोर देणे त्याला शक्य नव्हते. त्याचा मित्र आणि अभियंता जॅक रिडली याने मग झाडूचा दांडा घेतला, त्यातला वीतभर तुकडा कापला आणि तो तरफेसारखा वापरून डाव्या हाताने दार कसे लावायचे ते दाखवले. ध्वनीची भिंत म्हणून ज्या गोष्टीची जगभर धास्ती होती, ती एका झाडूच्या दांड्याच्या साह्याने ओलांडली गेली. टॉम वुल्फ यांनी १९७९ साली हे सारे ग्रंथात मांडले आणि फिलिप कॉफमन यांनी १९८३ च्या ऑक्टोबरात त्यावर ‘द राइट स्टफ’ हा तीन तासांहून लांब चित्रपट काढला. येगरसारखे चाचणी-वैमानिक आणि अमेरिकेचे पहिले सात अंतराळवीर यांची ती कथा. दारूच्या गुत्त्यातल्या भिंतीवर मेलेल्या वैमानिकांची छायाचित्रे लागतात, घरी बायका टेलिफोनकडे पाहात बसतात आणि सकाळी पुन्हा कुणीतरी विमानात चढतो. येगर स्वतः या चित्रपटात त्या गुत्त्यातला एक म्हातारा नोकर म्हणून दिसतात. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली, पण गल्ल्यावर तो पडला. याच येगरांचा आपल्याशीही एक अनपेक्षित संबंध आला. १९७१ च्या युद्धात ते अमेरिकी लष्करी प्रतिनिधी म्हणून पाकिस्तानात होते आणि पुढे आपल्या नौदलाचे प्रमुख झालेले अरुण प्रकाश यांनी चकलाला तळावर केलेल्या हल्ल्यात येगरांचे विमान जळाले.

या चित्रपटातही एक मोठी चूक राहिली आणि आपल्या विषयासाठी ती फार बोधप्रद आहे. गस ग्रिसम हे अमेरिकेचे दुसरे अंतराळवीर. जुलै १९६१ मध्ये त्यांची कुपी समुद्रात उतरली, तिचे दार अवेळी स्फोटाने उडाले, पाणी आत शिरले आणि कुपी बुडाली. ग्रिसम घाबरले आणि त्यांनीच दार उडवले, असा संशय चित्रपटाने प्रेक्षकांच्या मनात पेरला. पण १९६२ साली त्यांचे सहकारी वॉली शिरा यांनी आपल्या उड्डाणानंतर ते दार मुद्दाम हाताने उडवून पाहिले. खटका इतक्या जोराने उलटला की त्यांच्या हाताला दुखापत झाली. ग्रिसम यांच्या हातावर असा एकही व्रण नव्हता. ग्रिसम १९६७ साली अपोलोच्या आगीत गेले, त्यांना स्वतःचा बचाव करता आला नाही, पण डॉक्टरांच्या तपासणीच्या नोंदीने तो केला. १९९९ साली ती कुपी समुद्रतळातून वर काढण्यात आली. चित्रपट चुकला तरी कागद बोलत राहिला. ज्याच्या नावाने कागदच नाही त्याच्यावर अन्याय झाला तर तो कुणाला कळणारही नाही. अवास्तव गौरवाचेही तसेच आहे. तळपद्यांच्या वाट्याला हेच आले.

आपल्या देशात खऱ्या चाचणी-वैमानिकांची परंपरा स्वातंत्र्यानंतर उभी राहिली. ब्रिटनच्या चाचणी-वैमानिक शाळेत शिकून आलेले सुरंजन दास यांनी जून १९६१ मध्ये कुर्ट टांक यांच्या आराखड्यातले ‘मरुत’ हे आपले पहिले जेट लढाऊ विमान बंगळूरात आकाशात नेले आणि १० जानेवारी १९७० रोजी त्याच जातीच्या विमानाची चाचणी घेताना त्यांनी प्राण गमावले. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. राकेश शर्मा हेही मुळात चाचणी-वैमानिकच. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयुझमधून ते सॅल्युत-७ स्थानकाकडे निघाले आणि आठवडाभर तिथे राहून परतले. पण ओझरशी असलेला त्यांचा संबंध आपण विसरतो : १९८७ पासून १९९२ पर्यंत ते तिथे मुख्य चाचणी-वैमानिक होते. कारखान्यातून बाहेर पडणारे विमान कसे वागेल हे त्यात बसल्यावाचून कळत नाही, आणि त्यात प्रथम बसणारा हाच माणूस. त्यांच्यावरच्या चित्रपटाच्या घोषणा होत राहिल्या, नायकांची नावे बदलत गेली, चित्रपट मात्र आला नाही.

आला तो तळपद्यांवरचा. २०१५ चा जानेवारी महिना या साऱ्या वंशावळीत विलक्षण ठरतो. महिन्याच्या सुरुवातीस मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले आणि ४ जानेवारीला तिथे ‘वैमानिक शास्त्रा’च्या आधारे प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. देशविदेशातल्या वैज्ञानिकांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतले. महिन्याच्या अखेरीस, ३० जानेवारीला, विभू पुरी दिग्दर्शित ‘हवाईजादा’ प्रदर्शित झाला. आयुष्मान खुराना तळपदे, मिथुन चक्रवर्ती शास्त्री, जुन्या मुंबईचे रंगीत देखावे, गाणी, प्रेमकथा आणि शेवटी तळपदे स्वतः विमानातून आकाशात. ‘लंकादहन’ आणि ‘संत तुकाराम’ यांनी घडवलेले पुण्याईचे उड्डाण इथे इतिहासाचा पोशाख घालून परत आले. चित्रपट चालला नाही, त्याचे दुःख मला नाही. दुःख याचे की तळपद्यांवर चित्रपट काढण्याची संधी एकदाच आली आणि ती अशी वाया गेली. मराठी माणूस इतिहास नीट अभ्यासून चित्रपट काढू शकत नाही असेही नाही. परेश मोकाशी यांनी २००९ साली फाळक्यांवरच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये साध्या, प्रसन्न रीतीने ते करून दाखवले आहे. कलाशाळेतल्या एका पात्राला तो न्याय मिळाला, दुसरे अजून वाट पाहते आहे.

दरम्यान खरे उड्डाण पुढे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गगनयानासाठी निवडलेल्या चौघांची नावे जाहीर झाली, चौघेही हवाई दलाचे चाचणी-वैमानिक. त्यांपैकी शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी निघून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोचले आणि १५ जुलैला परतले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. फाळक्यांचे जन्मगाव आणि ही धावपट्टी एकाच जिल्ह्यात आहेत.

माझे म्हणणे इतकेच की तळपद्यांच्या अपयशाला घाबरण्याचे कारण नाही. ज्याचे यंत्र उडाले नाही पण ज्याने ते बांधायला घेतले, त्या माणसाचा चित्रपट उडालेल्या यंत्राच्या दंतकथेपेक्षा सरस होईल. वेलिणकरांवरचा चित्रपट तर आजच लिहायला घ्यावा असा आहे. तो लिहिणाऱ्याला कागद लागतील. चिराबाजार-गिरगावातल्या जुन्या घरांत तळपद्यांच्या काळची पत्रे, हिशेबाच्या वह्या, रेखाटने असतील तर ती रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करा. दावंड्याच्या डोंगरावरच्या त्या रात्रीची आठवण माळशेजच्या दोन्ही अंगांच्या ज्या वृद्धांना असेल, त्यांच्याजवळ नातवंडांनी बसून ती तारीखवार लिहून काढावी. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले लोक नाशिकपासून कसाऱ्यापर्यंत आहेत, त्यांनीही पेन हाती घ्यावे. आणि चौपाटीवरच्या उड्डाणाची बातमी ‘केसरी’त आली होती असे ज्यांना आजही खात्रीने वाटते, त्यांनी एकदा पुण्याला जावे : ‘केसरी’चे जुने अंक केसरीवाड्यात जपलेले आहेत.